ताप, जुलाब, खोकला : घरी काय करावे, दवाखाना कधी गाठावा

पावसाळा लागला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा विषय ठरूनच जातो. या वेळच्या पत्रांपैकी सहा येथे घेतली असून सारख्या आशयाची पत्रे एकत्र केली आहेत. उत्तरांत दिलेली औषधांची मात्रा एरवी निरोगी असलेल्या मुलांसाठी आहे. ज्या मुलांना हृदयाचे, यकृताचे किंवा मूत्रपिंडाचे जुने दुखणे आहे, किंवा ज्या तान्ह्या बाळांचा जन्म दिवस भरण्यापूर्वी झाला आहे, त्यांना ती तशीच्या तशी लावू नये.

प्रश्न : माझा मुलगा पावणेदोन वर्षांचा असून त्याचे वजन १० किलो आहे. त्याला ताप आला की रात्री तो १०३ पर्यंत चढतो. पॅरासिटामॉल देऊनही ताप पूर्ण उतरत नाही. शेजारच्या ताई म्हणतात की दर तीन तासांनी दुसरे एक तापाचे औषध आलटून पालटून द्यावे, नाहीतर ताप डोक्यात जातो. सासूबाई कोलन वॉटरच्या पट्ट्या ठेवतात. नेमके काय करावे? — एक आई, नाशिक

उत्तर : ताप डोक्यात जातो ही भीती प्रथम मनातून काढून टाका. जंतुसंसर्गामुळे येणाऱ्या तापात शरीराचे तापमान मेंदूच्या नियंत्रणाखालीच वाढलेले असते आणि ते सहसा १०५–१०६ अंश फॅरनहाइटच्या पुढे जात नाही, त्यामुळे अशा तापाने मेंदूला इजा होत नाही. मेंदूज्वरात इजा होते ती मेंदूपर्यंत पोहोचलेल्या जंतूंमुळे, थर्मामीटरवरच्या आकड्यामुळे नव्हे. बंद मोटारीत राहिलेल्या किंवा उष्माघात झालेल्या मुलाची गोष्ट निराळी. तेथे शरीराला उष्णता बाहेर टाकताच येत नाही आणि त्याला तातडीने थंड करणे हाच उपचार असतो.

ताप हाताने पाहू नका. काखेत डिजिटल थर्मामीटर लावून तो वाजेपर्यंत हात अंगाशी धरून ठेवा. १०० अंशांच्या आसपासच्या कणकणीला औषध लागत नाही. १०१–१०२ च्या पुढे ताप गेला आणि मूल किरकिरे झाले, अंग दुखते म्हणू लागले किंवा दूध-पाणी नको म्हणू लागले, तर पॅरासिटामॉल द्यावे. औषध देण्याचा हेतू मुलाला बरे वाटावे एवढाच आहे, आकडा ९८ वर आणणे हा नाही. १०३ चा ताप तासाभरात १०१ वर आला आणि मूल उठून भातुकलीचे डबे उघडू लागले, तर औषधाने आपले काम चोख केले आहे.

मात्रेच्या बाबतीत बहुतेक घरांत गफलत होते, म्हणून हे थोडे सविस्तर सांगतो. पॅरासिटामॉल वयावर नव्हे, तर वजनावर देतात. एका वेळी दर किलोला १५ मिलिग्रॅम, दोन मात्रांमध्ये किमान चार ते सहा तासांचे अंतर आणि २४ तासांत जास्तीत जास्त चार मात्रा, असा हिशेब ठेवावा. तुमच्या १० किलोच्या मुलाला एका वेळी १५० मिलिग्रॅम लागते. मात्र दुकानात हेच औषध तीन वेगवेगळ्या ताकदींत मिळते. ज्या सिरपच्या ५ मिलिलिटरमध्ये १२० मिलिग्रॅम असते, ते साधारण सव्वासहा मिलिलिटर द्यावे लागेल. ज्यात २५० मिलिग्रॅम असते, ते ३ मिलिलिटर पुरेल. आणि तान्ह्या बाळांसाठीच्या ड्रॉप्समध्ये दर मिलिलिटरलाच १०० मिलिग्रॅम असल्याने तेथे दीड मिलिलिटर पुरे होते. ड्रॉप्स म्हणजे सौम्य औषध अशी समजूत आहे, पण ते तिन्हींत सर्वांत दाट असते. ते सिरपसारखे चमचाभर पाजले, तर मुलाच्या पोटात एकदम ५०० मिलिग्रॅम जाते, आणि असे दोन-तीन वेळा झाले तर यकृताला धोका पोहोचतो. म्हणून नवी बाटली आणली की आधी लेबलावरचा आकडा वाचावा आणि औषध स्वयंपाकघरातल्या चमच्याने न मोजता बाटलीबरोबर आलेल्या मापाने किंवा सुई नसलेल्या सिरिंजने मोजावे. सर्दी-तापाच्या मिश्र औषधांतही बहुधा पॅरासिटामॉल असतेच. ते चालू असताना वेगळे पॅरासिटामॉल दिले, तर मात्रा नकळत दुप्पट होते.

आलटून पालटून औषधे देण्याची गरज नाही. शेजारच्या ताईंचे औषध कोणते ते तुम्ही लिहिलेले नाही. पण ते बहुधा मेफेनॅमिक ॲसिड किंवा आयबुप्रोफेन असावे. मेफेनॅमिक ॲसिडमुळे क्वचित अंगभर पुरळ येऊन यकृत व इतर अवयवांवर परिणाम करणारी गंभीर ॲलर्जी होऊ शकते, आणि २०२३ च्या अखेरीस भारतीय औषधसंहिता आयोगाने त्याबद्दल डॉक्टरांना व रुग्णांना सावध केले होते. आयबुप्रोफेन हे योग्य मुलात चांगले औषध आहे, परंतु पावसाळ्यात ताप डेंग्यूचा असण्याची शंका असताना ते देऊ नये, कारण त्याने रक्तस्रावाचा धोका वाढतो. निमेसुलाइडला १२ वर्षांखालील मुलांसाठी २०११ पासून बंदी आहे, आणि ॲस्पिरिन तर लहान मुलांना तापात कधीच देऊ नये.

कोलन वॉटरच्या पट्ट्यांबद्दल सासूबाईंशी वाद घालू नका. त्यांना साध्या पाण्याचे भांडे द्या. कपाळावरची ओली घडी मुलाला बरी वाटत असेल तर खुशाल ठेवावी. मात्र बर्फाच्या पाण्याने किंवा स्पिरिटने अंग पुसू नये. त्याने हुडहुडी भरते आणि आतला ताप उलट वाढतो. याच्या उलट चूक म्हणजे कानटोपी, स्वेटर आणि वर गोधडी. तापलेल्या मुलाच्या अंगात एक सुती झबले पुरेसे असते.

आता डॉक्टरांकडे कधी जावे ते पाहू. तीन महिन्यांखालील बाळाला १००.४ चा ताप आला, तरी रात्री किती वाजले आहेत हे न पाहता रुग्णालय गाठावे. या वयात घरी पॅरासिटामॉल देऊन वाट पाहू नये. त्याहून मोठ्या मुलाचा ताप तीन दिवसांच्या पुढे गेला तर तपासणी हवी. त्याआधीही मूल ताप उतरल्यावर मलूल पडून राहत असेल, ओळख देत नसेल, काहीच पीत नसेल, मान ताठ करत असेल, जोराने श्वास घेत असेल किंवा अंगावर दाबल्यावरही न मावळणारे लालसर-जांभळे ठिपके उठले असतील, तर थांबू नये. थर्मामीटरचा आकडा मोठा नसेल तरीही थांबू नये.

डेंग्यूविषयी एक गोष्ट लक्षात ठेवावी. त्यात धोक्याचा काळ ताप चढलेला असताना नसतो. ताप उतरल्यानंतरच्या पहिल्या २४ ते ४८ तासांत असतो. घरचे निर्धास्त होतात आणि नेमके तेव्हाच पोट सतत दुखू लागते, उलट्या सुरू होतात, हातपाय गार पडतात, लघवी कमी होते. प्लेटलेटचा आकडा रोज पाहण्यापेक्षा ही लक्षणे पाहणे महत्त्वाचे आहे. पपईच्या पानांचा रस पाजण्यावर जी शक्ती खर्च होते, ती मुलाला पेज, नारळपाणी, ओआरएस (पाकिटातल्या मीठ-साखरेच्या पावडरीचे पाणी) घोट घोट पाजण्यात लावावी. आधीच मळमळणाऱ्या पोटाला तो कडू रस सोसत नाही, हे मी वारंवार पाहतो.

प्रश्न : नातू ९ महिन्यांचा आहे. दात येत असल्यामुळे त्याला तीन दिवस पाण्यासारखे जुलाब होत आहेत. सूनबाई पाकिटातली पावडर पेल्यात कालवून देते, पण तो ओकून टाकतो. मी तिला अंगावरचे दूध थांबवायला सांगितले तर ती ऐकत नाही. जुलाब थांबवण्याचे चांगले औषध सुचवावे. — एक आजी, कागल तालुका

उत्तर : आजी, सूनबाई बरोबर वागत आहेत. दूध थांबवू नका. जुलाबात आईचे दूध हे अन्नही असते आणि औषधही.

दातांना मात्र उगाच दोष लागतो. सहाव्या महिन्यानंतर बाळ रांगू लागते, सापडेल ते तोंडात घालते, वरचे अन्न आणि बाटली सुरू झालेली असते, आणि आईकडून गर्भात मिळालेली प्रतिकारशक्ती याच सुमारास ओसरते. दात नेमके तेव्हाच येतात. थोडी लाळ आणि किरकिर दातांमुळे होते, पण पाण्यासारखे जुलाब जंतूंमुळेच होतात. म्हणून बाटली असेल तर ती बंद करून वाटी-चमचा वापरा आणि भरवण्यापूर्वी साबणाने हात धुवा. रोटाव्हायरसची लस सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्याला सरकारी केंद्रात मोफत मिळते. घरात पुढचे बाळ आले की ती चुकवू नका.

जुलाब थांबवणारे औषध मी सुचवणार नाही. मोठ्या माणसांच्या ज्या गोळ्यांनी आतड्याची हालचाल थांबते, त्यांनी लहान बाळाचे पोट फुगून जिवावर बेतू शकते. बहुतेक जुलाब विषाणूंचे असतात आणि पाच ते सात दिवसांत आपोआप थांबतात. तोपर्यंत शरीरातून गेलेले पाणी आणि क्षार परत भरत राहणे, एवढाच खरा उपचार असतो. १९७१ मध्ये बांगलादेश युद्धाच्या वेळी पश्चिम बंगालमधील बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलऱ्याची साथ पसरली आणि सलाइनच्या बाटल्या संपत आल्या, तेव्हा डॉ. दिलीप महालनबिस यांनी मीठ, सोडा आणि ग्लुकोजचे मिश्रण पाण्यात कालवून पिंपांतून वाटले, आणि नातेवाइकांनीच ते आपापल्या रुग्णांना पाजले. मृत्यूचे प्रमाण ३० टक्क्यांच्या आसपास होते, ते ४ टक्क्यांच्याही खाली आले. आतड्यातली साखर आपल्याबरोबर मिठाला आणि मिठाबरोबर पाण्याला आत ओढून घेते, हे त्यामागचे कारण. जुलाब चालू असतानाही ही वाट बहुधा उघडी असते.

पण हे सारे प्रमाणावर अवलंबून आहे, आणि तुमच्या पत्रातला ‘पेला’ वाचून मला तीच शंका आली. मोठे पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यासाठी असते. त्यातली अंदाजे पावडर पेल्यात घातली, तर पाणी फार खारट होते आणि जुलाब वाढू शकतात. पाकिटावर लिहिलेले पाणी मोजून घ्यावे, पूर्ण पाकीट एकदम रिकामे करावे, त्यात साखर, दूध, सरबत काहीही मिसळू नये, आणि २४ तासांनी उरलेले ओतून द्यावे. २०० मिलिलिटरची लहान पाकिटेही मिळतात. एका बाळासाठी ती सोयीची पडतात. पाकीट मिळेपर्यंत एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा सपाट छोटा चमचा मीठ घालून काम भागवता येते. हे पाणी डोळ्यांतल्या पाण्याहून खारट लागले, तर फेकून पुन्हा करावे.

ओकण्याचे कारण बहुधा घाई हे असते. तहानलेले बाळ वाटीभर पाणी घटाघटा पिते आणि सगळे बाहेर काढते. दर एक-दोन मिनिटांनी एकच चमचा द्या. उलटी झाली तर दहा मिनिटे थांबून पुन्हा आणखी सावकाश सुरू करा. दोन वर्षांखालील बाळाला प्रत्येक पातळ शीनंतर ५० ते १०० मिलिलिटर, म्हणजे साधारण अर्धी वाटी, पोटात जायला हवे. हे कंटाळवाणे काम आहे, आणि ते करायला घरात आजीसारखे योग्य माणूस नाही. सोबत झिंकची गोळी १४ दिवस द्यावी. सहा महिन्यांवरील बाळाला रोज २० मिलिग्रॅमची एक गोळी चमचाभर पाण्यात किंवा आईच्या दुधात विरघळवून देतात. जुलाब चौथ्या दिवशी थांबले तरी गोळी १४ दिवस पूर्ण करावी. आशाताईंकडे ओआरएस आणि झिंक दोन्ही मिळतात. खायला मऊ भात, मुगाची खिचडी, कुस्करलेले केळे, ताजे दही द्यावे; नुसत्या साबुदाण्याच्या पेजेवर बाळाला ठेवू नये.

दुकानातल्या कागदी खोक्यातल्या गोड पेयांपासून सावध राहा. त्यांवर बरीच वर्षे ‘ओआरएस’ ही अक्षरे झळकत होती, पण त्यांत साखर भरमसाट आणि क्षार अपुरे असत, त्यामुळे जुलाब वाढत. हैदराबादच्या एका बालरोगतज्ज्ञ डॉक्टरांनी याविरुद्ध अनेक वर्षे लढा दिला आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाने अशा पेयांवर ही अक्षरे वापरण्यास मनाई केली. औषध म्हणून मिळणाऱ्या पाकिटावर जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचा उल्लेख असतो. तो पाहून घ्यावा.

नातवाचे डोळे किंवा टाळू खोल गेली असेल, रडताना डोळ्यांत पाणी येत नसेल, सहा-आठ तासांत लघवी झाली नसेल, पोटावरची कातडी चिमटीत धरून सोडल्यावर हळूहळू बसत असेल, शीमध्ये रक्त दिसत असेल, किंवा उलट्यांमुळे काहीच टिकत नसेल, तर हे पत्र बाजूला ठेवून त्याला दवाखान्यात न्या.

प्रश्न : तीन वर्षांच्या मुलीला महिन्यातून एकदा तरी सर्दी-खोकला होतो. खोकल्याचे कोणते सिरप सुरक्षित आहे? घरी नेब्युलायझर घेऊन ठेवावा का? — एक वडील, डोंबिवली

उत्तर : तुमच्या मुलीच्या वयाला खोकल्याचे कोणतेही सिरप नको. ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्र सरकारच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने दोन वर्षांखालील मुलांना सर्दी-खोकल्याची औषधे देऊ नयेत आणि पाच वर्षांखालील मुलांसाठीही ती सहसा सुचवली जात नाहीत, असे कळवले. त्याला निमित्त झाले मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यातल्या बालमृत्यूंचे. खोकल्याच्या सिरपमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी द्रव्य निघाले. त्याने मूत्रपिंडे निकामी झाली आणि त्यांतल्या अनेक मुलांना उपचारांसाठी नागपूरला आणावे लागले होते. हेच विष १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात भेसळयुक्त ग्लिसरीनमधून १४ रुग्णांच्या जिवावर उठले होते आणि त्याच्या चौकशीसाठी न्यायमूर्ती लेंटिन आयोग नेमावा लागला होता. भेसळ नसली तरी या सिरपांचा लहान मुलांना फायदा झाल्याचे दिसत नाही. गुंगी मात्र येते, आणि मूल झोपले की औषध लागू पडले असे आपल्याला वाटते.

बालवाडीत जाणाऱ्या मुलांना वर्षातून सहा-आठ वेळा सर्दी होणे हे दुबळेपणाचे लक्षण नाही. प्रत्येक खेपेचा खोकला दहा-पंधरा दिवस रेंगाळतो. नाक चोंदल्यास औषधी मिठाच्या पाण्याचे थेंब घालावेत. एक वर्षावरील मुलांना झोपताना अर्धा ते एक चमचा मध दिला तर रात्रीचा खोकला कमी होतो. एक वर्षाखालील बाळाला मात्र मधाचे बोटही चाटवू नये, कारण त्यातून बोटुलिझम नावाचा लकवा आणणारा आजार होऊ शकतो. कोमट पाणी, हळदीचे दूध, वरणाचे पाणी चालेल. वाफ देण्यासाठी उकळत्या पाण्याचे पातेले मुलाजवळ ठेवू नये. वाफेने सर्दी बरी होत नाही, भाजलेली मुले मात्र रुग्णालयात येतात. कापूर घातलेले तेल नाकात सोडणे तर थेट धोक्याचे आहे, कारण कापूर पोटात गेल्यास मुलाला झटके येऊ शकतात. नेब्युलायझर हे दम्याच्या मुलांना औषध देण्याचे साधन आहे. डॉक्टरांनी दम्याचे निदान केलेले नसेल, तर तो घेऊ नका.

घेण्याजोगे साधन तुमच्याकडे आधीच आहे, ते म्हणजे सेकंदाचा काटा असलेले घड्याळ. साधा खोकला आणि न्यूमोनिया यांतला फरक खोकल्याच्या आवाजावरून कळत नाही, श्वासाच्या वेगावरून कळतो. मूल शांत किंवा झोपलेले असताना त्याचा सदरा वर करावा, उजेडात पोटाकडे पाहावे आणि पूर्ण एक मिनिट श्वास मोजावेत. पंधरा सेकंद मोजून चारने गुणू नये, कारण लहान मुलांचा श्वास एकसारखा नसतो. दोन महिन्यांखालील बाळात मिनिटाला ६० किंवा अधिक, दोन महिने ते एक वर्षापर्यंत ५० किंवा अधिक, आणि एक ते पाच वर्षांत ४० किंवा अधिक श्वास म्हणजे वेगवान श्वास. श्वास आत घेताना बरगड्यांच्या खालचा भाग आत खेचला जात असेल, नाकपुड्या फुलत असतील, मूल कण्हत असेल किंवा ओठ निळसर दिसत असतील, तर पुन्हा मोजत बसू नये, लगेच निघावे. ताप चढलेला असताना श्वास थोडा वाढतो, म्हणून ताप उतरल्यावर एकदा मोजणे चांगले. हे काम अवघड नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्या आरोग्यसेवकांना व दायांना न्यूमोनिया ओळखायला आणि प्रतिजैविक द्यायला शिकवले, त्याने बालमृत्यू घटले, आणि तो अभ्यास १९९० मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. अक्षरओळख नसलेली दाई जे करू शकली, ते डोंबिवलीच्या वडिलांना सहज जमेल.

श्वासाबरोबर पोट उडू लागले की आपल्याकडे अजूनही काही घरांत बिब्ब्याचा चटका दिला जातो. मेळघाटात तान्ह्या बाळाचे पोट फुगले म्हणून तापल्या विळ्याने डागण्या देतात, त्याला डंबा म्हणतात. अशा बाळाला मूळच्या आजारावर जखमेचे दुखणे मिळते आणि उपचाराचे तास वाया जातात.

आणखी एक प्रसंग ओळखायला हवा. चांगले खेळणारे मूल शेंगदाणे किंवा फुटाणे खाता खाता अचानक ठसकले, गुदमरल्यासारखे झाले आणि नंतर खोकला सुरू झाला, तर मधे तासभर बरे वाटले तरी दाणा श्वासनलिकेत अडकला असण्याची शक्यता असते. तो दुर्बिणीने काढावा लागतो. डॉक्टरांना ‘खोकला आहे’ एवढेच न सांगता तो प्रसंग आवर्जून सांगावा. चार वर्षांखालील मुलांना अख्खे शेंगदाणे देऊच नयेत. कूट करून द्यावेत. खोकला दोन आठवड्यांहून अधिक टिकला, वजन घटले किंवा घरात कोणाला क्षयरोग असेल, तर मुलाची क्षयरोगासाठी तपासणी करून घ्यावी.

प्रश्न : दीड वर्षाच्या मुलाला तापात आकडी आली. आम्ही घाबरून तोंडात चमचा घातला, कांदा हुंगवला. दोन मिनिटांत तो शुद्धीवर आला. त्याला पुढे फेफरे होईल का? — सोलापूर

उत्तर : सहा महिने ते पाच वर्षे या वयातील शंभरातल्या दोन ते पाच मुलांना तापात अशी आकडी येते. पाहणाऱ्याला मूल गेलेच असे वाटते, पण बहुतेक वेळा ती काही मिनिटांत आपोआप थांबते आणि मागे काही ठेवत नाही. अशा दर तीन मुलांपैकी साधारण एकाला पुढच्या एखाद्या तापात ती पुन्हा येते. फेफरे म्हणजे अपस्मार मात्र फार थोड्यांना होतो. तापाचे औषध काटेकोरपणे दिले म्हणून आकडी टळतेच असे नाही, त्यामुळे ती पुन्हा आली तर स्वतःला किंवा एकमेकांना बोल लावू नका.

कांदा किंवा चप्पल हुंगवून काही होत नाही. चमच्याने मात्र दात तुटतात आणि हिरड्या फाटतात. मुलाला जमिनीवर कुशीवर वळवावे म्हणजे लाळ आणि उलटी बाहेर पडेल, कपडे सैल करावेत, हातपाय दाबून धरू नयेत, तोंडात पाण्याचा थेंबही घालू नये आणि घड्याळ पाहावे. जमल्यास घरातल्या दुसऱ्या कोणी मोबाइलवर चित्रण करावे, ते डॉक्टरांना फार उपयोगी पडते. पाच मिनिटांत आकडी थांबली नाही, २४ तासांत पुन्हा आली, शरीराच्या एकाच बाजूला आली, किंवा थांबल्यावरही मूल नीट शुद्धीवर येत नसेल, तर १०८ वर फोन करावा. पहिल्यांदा आकडी आल्यावर, ती थांबली तरी, त्याच दिवशी मुलाला डॉक्टरांना दाखवलेच पाहिजे. वय एक वर्षाखाली असेल तर मेंदूज्वराची तपासणीही करावी लागू शकते. घरी ठेवण्यासाठी नाकात फवारण्याचे औषध मिळते; ते ठेवावे का आणि किती फवारे मारावेत, हे तुमच्या डॉक्टरांकडून लिहून घ्या.

प्रश्न : अंगणवाडीत मुलांच्या अंगावर पुरळ दिसले की पालक ‘देवी आल्या’ म्हणून आंघोळ आणि औषध बंद करतात. गोवर आणि कांजिण्या कशा ओळखाव्यात? — एक अंगणवाडी सेविका, नंदुरबार जिल्हा

उत्तर : गोवरात आधी तीन-चार दिवस ताप, खोकला, वाहते नाक आणि लाल डोळे असतात, मग कानांमागून व चेहऱ्यापासून सुरुवात होऊन लाल पुरळ खाली उतरते. कांजिण्यांत पोटा-पाठीवर पाण्याचे फोड येतात, खाज सुटते आणि नवे-जुने, ओले-सुकलेले फोड एकाच वेळी दिसतात. कांजिण्यांच्या मुलाला सर्व फोडांवर खपल्या धरेपर्यंत आणि गोवराच्या मुलाला पुरळ उठल्यापासून चार दिवस अंगणवाडीत आणू नये. कडुनिंबाचा पाला अंथरुणाखाली ठेवला तर बिघडत नाही. आंघोळ घालावी, नखे कापावीत, नेहमीचे जेवण द्यावे. तापाला फक्त पॅरासिटामॉल द्यावे.

गोवर हा कांजिण्यांपेक्षा फार घातक आहे, कारण त्यानंतर न्यूमोनिया, जुलाब आणि डोळ्यांचे विकार होतात. नोव्हेंबर २०२२ मध्ये मुंबईत गोवंडीत झालेल्या उद्रेकात मुले दगावली. संशय आला की लगेच आरोग्य केंद्राला कळवावे, म्हणजे रक्ततपासणी होईल आणि अ जीवनसत्त्वाच्या दोन मात्रा मिळतील. नवव्या महिन्यानंतर आणि पुन्हा १६ ते २४ महिन्यांत दिल्या जाणाऱ्या गोवर-रुबेला लशीची नोंद प्रत्येक मुलाच्या कार्डावर तपासून ठेवावी.

प्रश्न : लहान मूल असलेल्या घरात कोणती औषधे ठेवावीत? — अनेक वाचक

उत्तर : फार नाहीत. एकाच ताकदीचे पॅरासिटामॉल, ओआरएसची चार-पाच पाकिटे, झिंकच्या गोळ्या, नाकात घालायचे मिठाच्या पाण्याचे थेंब, डिजिटल थर्मामीटर आणि मापाची सिरिंज एवढे पुरे. मागच्या आजारातले प्रतिजैविक जपून ठेवू नये. पाणी घालून तयार केलेले बहुतेक प्रतिजैविक सिरप फ्रिजमध्येही आठवडा-दहा दिवसांनंतर निरुपयोगी होते, आणि थोरल्याचे उरलेले औषध धाकट्याला देणे तर दुहेरी चुकीचे आहे. प्रत्येक बाटलीवर उघडल्याची तारीख लिहावी. डब्याच्या झाकणाच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटवून त्यावर मुलाचे ताजे वजन, त्यानुसार पॅरासिटामॉलचे मिलिलिटर आणि शेवटची मात्रा किती वाजता दिली, हे पेन्सिलीने लिहीत जावे, म्हणजे आईने दिलेले औषध अर्ध्या तासाने बाबांकडून पुन्हा दिले जात नाही. डबा मुलाचा हात पोहोचणार नाही अशा फळीवर ठेवावा, आणि औषध पाजताना त्याला ‘चॉकलेट’ म्हणू नये.